दुःखी लिहू नको

"'मी चिंताग्रस्त आहे आणि मी भ्रमित आहे.' असंच आहे बाई, हे पाहा." अतुलनं फोन पुढे केला.

रुखमाबाई वेलादीला वाचता येत नव्हतं, तरी तिनं फोनकडे पाहिलं. तिच्या मांडीवर मातीनं अर्धी भरलेली काळी पिशवी होती. आलापल्लीच्या रोपवाटिकेत सागाच्या रोपांसाठी पिशव्या भरायचं काम चालू होतं, आणि हिरव्या जाळीखाली बसलेल्या बारा बायांचे हात एकदम थांबले होते. चोवीस वर्षांपूर्वी दुरावलेल्या लेकीचं पत्र स्पेन नावाच्या देशातून आलं होतं. कागदावरच्या अक्षरांचा फोटो काढून फोननं ते मराठीत केलं होतं आणि मुलं दत्तक देणाऱ्या संस्थेतून आलेला अतुल वाचून दाखवत होता.

"भ्रमित म्हंजे काय?" तिनं विचारलं.

"म्हणजे... डोक्यात गोंधळ असतो ना माणसाच्या. खरं काय, खोटं काय, समजत नाही."

"येडी?"

"येडी नाही म्हणत मी. पण तिकडे विदेशात टेन्शन राहते बाई लोकांना. होते असं."

रुखमाबाईनं पिशवी खाली आपटली. माती उसळून अतुलच्या बुटांवर पडली.

"अडीच वर्साची होती तं साजरी होती माझी पोरगी. कोंबड्याइच्या मागं धावे. एकदा सांगतलं का ध्यानात ठेवे. तुमच्याजवळ ठेवली न तुमी तिले येडी करून टाकली?"

"मी तेव्हा पहिलीत होतो बाई. मला काऊन बोलता?"

"तू त्याइचाच माणूस होय ना? त्याइच्याच गाडीत आला ना?"

शकुबाई तिच्या शेजारीच बसली होती. तिनं रुखमाबाईचा दंड धरला. "राहू दे व. बिचारी..."

"बिचारी म्हणू नको मले," रुखमाबाई म्हणाली, आणि दंड सोडवून घेतला.

हा शब्द तिनं चोवीस वर्षं ऐकला होता.

बुधवारी जन्मली म्हणून मुलीचं नाव बुधरी. ती दोन वर्षांची झाली तेव्हा रुखमाला खोकल्यातून रक्त पडायला लागलं. नवऱ्यानं, लच्छूनं, तिला चंद्रपूरला दवाखान्यात नेलं. क्षय होता. महिनोन् महिने राहावं लागेल आणि लेकरू जवळ ठेवता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी आंधळी सासू. लच्छू लेकराला खांद्यावर घेऊन दवाखान्याच्या फाटकाबाहेर बसला होता, तिथं भेटलेल्या एका बाईनं त्याला एका संस्थेचा पत्ता दिला. बायको बरी होईपर्यंत ठेवून घेतात, म्हणाली. लच्छूनं तिथं जाऊन अंगठा दिला. कागद कुणी वाचून दाखवला नाही. दाखवला असता तरी लच्छूला गोंडी सोडून दुसरी भाषा धड कळत नव्हती.

सात महिन्यांनी रुखमा बरी होऊन निघाली. घरी न जाता ती आधी संस्थेच्या दारात गेली.

"तुमच्या नवऱ्यानं मूल दिलंय," टेबलामागची बाई म्हणाली.

"ठेवलं व्हतं."

"दिलंय. कागद आहे आमच्याकडे. मुलगी चांगल्या घरी गेली आहे. तुम्ही सुखी राहा."

"कोन्या गावाले?"

"तिथं विमानानं जावं लागतं."

रुखमा तीन दिवस त्या फाटकाशी बसली. चौथ्या दिवशी चौकीदारानं तिला हाताला धरून रस्त्यापलीकडे नेऊन बसवलं. मग ती शहरातल्या एका पोलीस ठाण्यात गेली. तिथला माणूस वाईट नव्हता. त्यानं चहा दिला आणि म्हणाला, "नवऱ्याचा अंगठा आहे बाई, काही होत नाही. वय काय तुमचं? अजून होतील."

अजून झाले नाहीत. लच्छू त्यानंतर अकरा वर्षं जगला. रुखमानं त्याला रोज रांधून घातलं, तो तापानं आजारी पडला तेव्हा रात्रंदिवस त्याच्या उशाशी बसली, आणि त्या अकरा वर्षांत त्या गोष्टीबद्दल त्याला एक शिवी दिली नाही. शिव्या दिल्या असत्या तर तो अजून चार वर्षं जगला असता, असं शकुबाई म्हणायची.

राग गेला नाही. पण गंमत अशी, की तो कुणाला दिसतच नसे. ती गप्प बसली की लोक म्हणत, लेकीच्या आठवणीत आहे. ती मुकादमावर ओरडली की म्हणत, दुःखानं डोकं फिरते बिचारीचं. बाईच्या, त्यातही गरीब बाईच्या रागाला लोक दुःखच समजतात. दुःखाला काही द्यावं लागत नाही. जरा वेळ मान हलवली की झालं.

अतुलनं पिशवीतून एक कागद काढला. आवाज गोड केला.

"बाई, मुलगी तुम्हाला भेटायला येतो म्हणते. वरच्या ऑफिसातून पत्र आलं म्हणून आम्ही तुम्हाला शोधून काढलं, दोन महिने फिरलो मी. आता संस्थेत छान कार्यक्रम ठेवू. पाहुणे येतील, फोटो होतील, साडीचोळी करू. फक्त याच्यावर अंगठा पाहिजे. भेटीची परवानगी आहे."

"वाच."

"साधंच आहे..."

"वाच म्हटलं ना."

अतुलनं वाचलं. तिसऱ्या ओळीत तो भरभर वाचायला लागला, पण शब्द तिच्या कानावर पडला. 'मी व माझ्या पतीने आमची मुलगी स्वखुशीने संस्थेस दिली.'

"स्वखुशीनं म्हंजे आपल्या खुशीनं ना?" रुखमाबाईनं विचारलं.

अतुलनं कागद खाली घेतला.

"कागद घेऊन जाय तू," ती म्हणाली. "चिठ्ठी इथी ठेव. माझी हाय ते."

*

दीपाली सोरते आलापल्लीच्या बाजाराजवळ ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवायची. जातीचे दाखले, सातबारा, पीक विमा, आधारची दुरुस्ती. ती मूळची मूल गावची. नागपूरला तिनं दोन वर्षं स्पॅनिश शिकून घेतलं होतं आणि पुढे चार वर्षं एका कंपनीत फोनवर बसली होती. दूरदेशीच्या लोकांची वॉशिंग मशीनं बिघडली की ते तिला स्पॅनिशमधून शिव्या द्यायचे. त्या ऐकून घ्यायच्या आणि शेवटी संगणकात लिहायचं, 'ग्राहक थोडा नाराज आहे.' नवऱ्याची बदली इकडच्या लाकूड आगारात झाली आणि ती भाषा दीपालीच्या डोक्यात तशीच पडून राहिली. इथं ती कुणाशी बोलणार?

"हे तूच ना, फोनवर फिरंग्याइशी बोलत होती ते?" शकुबाईनं दारातूनच विचारलं. तिच्या मागे रुखमाबाई उभी होती, हातात घडी घातलेली ती चिठ्ठी.

दीपालीनं पत्र एकदा मनात वाचलं. मग दुसऱ्यांदा वाचलं. रांगेतल्या दोन माणसांना तिनं सांगितलं, "भाऊ, उद्या या," आणि खुर्ची पुढे सरकवली.

"मावशी, हे तुम्हाला कोणी वाचून दाखवलं?"

"फोननं. पोरगी येडी झाली म्हणते."

"खोटं आहे," दीपाली म्हणाली. तिला एकदम संताप आला. "फोनला अक्कल असते का? हा शब्द पाहा. 'इलुसिओनादा.' फोनला वाटलं भ्रम. तसं नाई हे."

"मंग काय होय?"

दीपालीनं विचार केला. नागपूरच्या वर्गात त्यांना अशा शब्दांची एक मोठी यादी पाठ करायला लावली होती. काळजीत असलेल्या माणसाचे शब्द डाव्या बाजूला, उत्सुक माणसाचे उजव्या. परीक्षेत ती सगळे बरोबर लिहायची. पण समोर बसलेल्या या बाईला त्यातलं काय सांगायचं?

"मावशी, लेकराला सांगून ठेवलं का उद्या तुला यात्रेला नेतो, तं ते अंधारातच उठून, आंघोळ करून, तेल लावून दारात बसते. बैल जुंपायचे असतात, पण ते बसलेलंच. तसं. तिला तुम्हाला भेटायचं आहे म्हणून ती तशी बसली आहे, असं लिहिलंय तिनं."

दीपालीनं बोट दुसऱ्या शब्दावर नेलं.

"आणि हा दुसरा, 'आन्सिओसा'. याला फोननं चिंताग्रस्त केलं. पण याच्यात घोरही असते आणि उतावीळपणही असते. दोन्ही एकातच."

"दोनी एका शब्दात कसं राहीन?" शकुबाई म्हणाली.

"राह्यते," रुखमाबाई म्हणाली. "नवव्या महिन्यात राह्यते."

दीपालीनं मान हलवली. आपल्या शिक्षकांनाही हे इतकं चांगलं सांगता आलं नव्हतं, असं तिच्या मनात आलं.

"पुढं वाच."

"'मी प्रेओकुपादा आहे', म्हणजे काळजीत आहे. 'कारण तुला मला भेटायचं आहे की नाही ते मला माहीत नाही. माझं नाव इथं नूरिया आहे. मी शाळेत लहान मुलांना शिकवते.'" दीपाली थांबली. पुढची ओळ तिनं मघाच वाचली होती.

"वाच ना."

"'तू मला देऊन टाकलंस म्हणून मी तुझ्यावर रागावलेली नाही. तू गरीब होतीस. मी तुला माफ केलं आहे.'"

दुकानातला पंखा खडखडत होता. रुखमाबाईचा चेहरा हळूहळू तांबडा होत गेला.

"माफ केलं?" ती म्हणाली. "मले?"

"मावशी, तिला तसंच सांगितलं असेल त्या लोकांनी."

"चोरी त्याइनं केली. न माफ मले केलं!" ती उभी राहिली. तिचा आवाज रस्त्यावर जात होता. "लिही. आत्ता लिही. म्या देल्ली नाई. म्या दवाखान्यात व्हती. तुया बापानं ठेवली, त्याले फसवलं. म्या तीन दिवस फाटकाशी बसली. तू तिथी अंदर व्हती का विमानात व्हती, मले कोनं सांगतलं नाई. आनखीन लिही, तुले गोंडीच बोलता येत व्हतं. 'याया, याया' म्हनून रडत असशीन तू. याया म्हंजे माय. त्या घरात एकालेबी समजलं नसंन तू कोनाले बोलावून राह्यली ते. समजलं असंन तं आनखीनच खराब. लिही."

दीपालीनं लिहिलं. अर्धा तास लागला. रुखमाबाई तोवर खुर्चीत बसली नाही. लिहून झाल्यावर दीपालीनं ते मराठीतून परत वाचून दाखवलं, आणि शेवटाला आली. "'मी खूप दुःखी आहे.'"

"काय म्हटलं?"

"'त्रिस्ते'. दुःखी."

"म्या दुःखी म्हटलं का?"

"नाही, पण मावशी, पहिलीच चिठ्ठी आहे. ती घाबरेल. एकदम राग लिहिला तं..."

"चोवीस वर्सं सारे मले दुःखी म्हनते. तूबी तेच लिहितं? मंग फोन काय खराब व्हता?" रुखमाबाईनं टेबलावर हात टेकले. नखांत रोपवाटिकेची माती होती. "दुःखी लिहू नको. राग लिही. तुमच्या त्या भाषेत रागाले शब्द नाई का?"

शब्द होते. कितीतरी होते. चार वर्षं दीपालीनं ते कानाला यंत्र लावून ऐकले होते आणि 'थोडा नाराज' असं लिहून टाकले होते. तिनं 'त्रिस्ते' खोडलं. त्या जागी 'फुरिओसा' लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं.

"हे काय होय?"

"राग. रागानं लाल झालेली."

"लय झाला का?"

"नाई मावशी," दीपाली म्हणाली. "बरोबर आहे."

*

चिठ्ठीखाली दिलेल्या ईमेलवर दीपालीनं ते पाठवलं, आणि उत्तर आठ दिवसांनी तिच्या फोनवर आलं. चारच ओळी होत्या. 'तू रागावली आहेस. माझ्यावर का? माझ्या कागदात लिहिलं आहे की आईवडिलांनी स्वखुशीनं सोडलं. मी तो कागद इथल्या सरकारी कार्यालयात नेऊन दिला आहे. मी येते.'

संस्थेलाही कुणकुण लागली. अतुल पुन्हा आला, या वेळी रुखमाबाईच्या घरी, गावात. मोहफुलांचे दिवस होते. ती पहाटे वेचून आणलेली फुलं अंगणात पसरत होती. त्यानं संस्थेच्या मोठ्या बाईंना फोन लावला आणि तो रुखमाबाईच्या हातात दिला.

फोनमधला आवाज मऊ होता. "रुखमाबाई, जुन्या गोष्टी उकरून काय मिळतं? तुमची मुलगी शिकली, नोकरी करते. जंगलात राहिली असती तर काय झालं असतं तिचं? आम्ही तिचं चांगलंच केलं ना?"

"बाई," रुखमाबाई म्हणाली, "तुमाले पोरगी हाय?"

"आहे ना."

"तिले माह्या घरी द्या. मीबी तिचं चांगलं करीन."

फोन बंद झाला. अतुलनं तो तिच्या हातातून घेतला आणि पुसला. जाताना तो अंगणाच्या कडेनं गेला, फुलांवर पाय पडू नये म्हणून. काठ्यांच्या फाटकाशी तो वळला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, त्या वर्षीच्या फायलीत असे अजून चौदा अंगठे आहेत. मी पाहिले." आणि गाडी चालू करून निघून गेला. महिनाभरात त्यानं ती नोकरी सोडली, असं नंतर कळलं.

*

नूरिया आली ती संस्थेत गेलीच नाही. नागपूरहून गाडी करून थेट आलापल्लीला आली, दीपालीला बरोबर घेतलं आणि सकाळी दहाच्या सुमाराला गावात उतरली.

तिला पाहून अख्खं गाव अंगणाच्या कडेला जमा झालं. उंच पोरगी. तोकडे केस, पँट, पाठीवर पिशवी. पण नाक लच्छूचं, आणि चालताना उजवा पाय जरा बाहेर टाकायची पद्धतही लच्छूची. रुखमाबाईनं ते पाहिलं. तिला वाटलं होतं आपल्याला रडू येईल. आलं नाही. तिनं पोरीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, कानामागचा जन्मापासूनचा डाग पाहिला आणि म्हणाली, "हेच होय." बकरी ओळखावी तसं.

पोरगी मात्र रडली. खूप रडली. शकुबाईनं तिला पाणी दिलं. मग तिघी पडवीत बसल्या, दीपाली मधे.

पहिला अर्धा तास बरा गेला. नूरियानं विचारलं, माझा वाढदिवस कधी? रुखमाबाईला तारीख माहीत नव्हती. धान कापून झालं होतं, बुधवार होता. नूरियानं ते लिहून घेतलं. भाताबरोबर अंबाडीची भाजी वाढली, ती तिनं हातानं खाल्ली. रुखमाबाई तिच्या बोटांकडे बघत होती.

मग नूरियानं पिशवीतून फोटोंचं पुस्तक काढलं. बर्फात उभी असलेली छोटी बुधरी. सायकलवर बुधरी. आणि प्रत्येक पानावर एक गोरी, चष्म्याची, हसरी बाई.

"हे कोन?" रुखमाबाईनं विचारलं.

"मि माद्रे," नूरिया म्हणाली.

दीपालीनं सांगितलं, "माझी आई, म्हणते."

रुखमाबाईनं पान उलटलं नाही. "इले माहीत व्हतं का, मी जिती हाय ते?"

दीपालीनं विचारलं. नूरिया म्हणाली, नाही, तिला काहीच माहीत नव्हतं.

"तिनं विचारलं का?"

नूरियानं फोटोवर बोट ठेवलं. मग दोनच शब्द बोलली. दीपाली म्हणाली, "नाही विचारलं."

"बैल घेते तं मानूस धा जागी विचारते, कोनाचा होय, कुठून आनला," रुखमाबाई म्हणाली. "लेकरू घेतलं न विचारलं नाई? चोरीचं घेनाराबी चोरच होय."

"मावशी..."

"सांग तिले."

दीपालीनं सांगितलं. या वेळी तिनं एकही शब्द मऊ केला नाही. नूरियाचा चेहरा बदलला. ती सरळ बसली आणि बोलायला लागली, आधी सावकाश, मग भरभर. दीपाली मागे मागे मराठीत सांगत होती. "ती म्हणते, तिला काही बोलू नको. मी सहा वर्षांची होते तेव्हा दोन महिने तापानं दवाखान्यात होते, ती खुर्चीवर झोपली. शाळेत पोरं मला काळी म्हणायची, ती प्रत्येकाच्या घरी जाऊन भांडली. तिनं चूक केली असेल. पण ती चोर नाही."

"न मी? मी काय करत व्हती तवा? मी माह्या खुशीनं घरी बसली व्हती?"

"ती म्हणते, मला काय माहीत तू काय करत होतीस? चोवीस वर्षं झाली. तू एकदा फाटकाशी बसलीस. मग परत का नाही गेलीस? दुसऱ्या वर्षी का नाही? दहाव्या वर्षी का नाही?"

"कुठी जाऊ?" रुखमाबाई ओरडली. "कुठी जाऊ मी? आलापल्लीच्या पुढं मले रस्ता माहीत नाई, न तुया देश कुठी हाय ते कोन सांगीन मले? विमानाले काय मी हात दाखवू, थांब म्हनून?"

नूरियाही आता ओरडत होती. रुखमाबाईच्या बोलण्यात मराठी संपून गोंडी कधी सुरू झाली ते तिचं तिलाही कळलं नाही. दीपाली दोनतीन वाक्यं मागे धावली, आणि मग तिच्या लक्षात आलं की तिचं कुणीच ऐकत नाही. दोघी एकमेकींच्या तोंडाशी तोंड नेऊन बोलत होत्या, हातवारे करत होत्या. एकीचं वाक्य संपायच्या आत दुसरी सुरू करत होती आणि कुणीच अडखळत नव्हतं. दीपाली उठून अंगणात शकुबाईजवळ जाऊन उभी राहिली.

"काय म्हनून राह्यल्या व?" शकुबाईनं विचारलं.

"भांडण चालू आहे," दीपाली म्हणाली. "मी काय सांगू त्याच्यात?"

नूरियानं फोटोंचं पुस्तक बंद केलं, तसंच जमिनीवर टाकलं, आणि उठली. पायात बूटही नीट न घालता ती अंगण ओलांडून बाहेर पडली. माणसं बाजूला झाली. गाडी नाल्यापलीकडे, पिंपळाखाली उभी होती. ती त्या दिशेनं न जाता उलट्या बाजूला, डांबरी रस्त्याकडे चालत सुटली.

"जाय! जाय!" रुखमाबाई पडवीतून म्हणाली. "तिच्याजवळ जाय!"

दीपाली मागे निघणार, तेवढ्यात शकुबाईनं तिला अडवलं.

बारा वाजून गेले होते. एप्रिलचं ऊन होतं, ज्या उन्हात इथली कुत्रीही हलत नाहीत. साग पार झडून उघडे झालेले, रस्त्यावर कुठंही सावली नव्हती. पोरगी त्यात तरातरा चालली होती, लच्छूसारखा उजवा पाय बाहेर टाकत. डोक्यावर काही नव्हतं.

रुखमाबाई पडवीच्या खांबाला धरून बघत राहिली. शंभर पावलं झाली. दीडशे झाली. पोरगी वळली नाही.

"मूर्ख," रुखमाबाई पुटपुटली.

तिनं दोरीवरचा एक शेला ओढला, रांजणात बुचकळला, पिळला आणि अनवाणीच निघाली. ती पळाली नाही. पन्नाशीची बाई आणि एक फुप्फुस अर्ध्यावर आलेलं. पण ती चालली ती लांब टांगा टाकत, तोंडानं बडबडत. डांबरी रस्त्याच्या वळणाशी तिनं पोरीला गाठलं आणि मागून तिचा दंड धरून तिला थांबवलं.

नूरिया वळली. तिचा चेहरा घामानं आणि रागानं तांबडा झाला होता. ती स्पॅनिशमधून काहीतरी ताडकन बोलली.

"बोडक्या डोक्यानं जाते का कोनी या उन्हात?" रुखमाबाई म्हणाली. "मरशीन ना."

पोरगी तिच्याहून हातभर उंच होती. रुखमाबाईनं तिच्या खांद्यावर हात दाबून तिला खाली वाकवलं. ओला शेला तिच्या डोक्यावरून घेतला, कान झाकले, कपाळावर ओढला, मानेमागे नेला. तिचा राग गेला नव्हता. गाठ तिनं करकचून मारली, आणि मग दुसरी मारली.

"दुखते का?"

पोरीला काही कळलं नाही. ती गुडघे वाकवून, डोळे मिटून, मान पुढे करून तशीच उभी राहिली.